‘पेना’चा चौथा अर्थ

३ फेब्रुवारी, सोमवार

नवी बॅच. अकरा जण. भाषेसाठी आलेला एकही नाही. दोघांना क्रूझवर नोकरी हवीय, एकाला फुटबॉल कळायला हवाय, तीन मुली कुठल्यातरी वेब सिरीजमधल्या दाढीवाल्यापायी आल्यात. एक निवृत्त बँक मॅनेजर, ‘डोक्याला व्यायाम’. हिंदमाताला साडीचं दुकान आहे त्या घरातली सून, हेतल. वहीला कव्हर घातलेली ती एकटीच.

नाडकर्णी सरांचं उद्घाटनाचं भाषण झालं. क्लास त्यांचा, पोळीभाजी केंद्रावरचा हा पहिला मजला त्यांचा, आणि तरुणपणी माद्रिदला काढलेले सहा महिनेही त्यांचेच. ते महिने अजून संपलेले नाहीत. ‘एस्पेरार म्हणजे वाट पाहणं, आणि एस्पेरार म्हणजेच आशा करणं. एकच शब्द! काय संस्कृती असेल बघा!’ डोळे मिटले. बायका हळहळल्या. बॅच दरवेळी नवी, हळहळ तीच.

मग मी उठले, फळ्यावर लिहिलं : ‘गातो’ म्हणजे मांजर. आणि ‘गातो’ म्हणजेच गाडी उचलायचा जॅक. इथे कोणी हळहळलं नाही.

निघताना ना. सर : ‘सुजाताबाई, तुमचे उच्चार मात्र अगदी स्वच्छ हो. नवलच वाटतं.’

नऊ वर्षं नवल वाटतंय या माणसाला. फोर्टात टाइल्स मागवणाऱ्या कंपनीत मी बावीस वर्षं स्पेनशी फोनवर भांडलेय. फुटलेल्या टाइल्स कोणाच्या माथी मारायच्या यावरून. त्याने उच्चार स्वच्छ होतात. पण फणसवाडीत तीन पिढ्या काढलेल्या माणसाला परळच्या चाळीतल्या गिरणी कामगाराच्या मुलीच्या तोंडात माद्रिदचा ‘थ’ बसलेला बघून –

जाऊ दे. हसले, निघाले.

५ फेब्रुवारी, बुधवार

परळच्या हॉस्पिटलमधून फोन. परदेशी पेशंटच्या डेस्कवरची रिया. ‘मॅम, कोलंबियाचे लोक आलेत, ॲपने चाललं होतं पण थोडा इश्यू झाला.’

इश्यू असा : मुलगी बावीस वर्षांची, येसेनिया. लहानपणीच्या तापाने हृदयाची झडप खराब झालेली. बरोबर फक्त बाप, दोन आर्तुरो. (दोन म्हणजे आकडा नाही, आपलं ‘राव’.) बापाने विचारलं, ऑपरेशननंतर ‘आल्ता’ किती दिवसांनी? आल्ता म्हणजे घरी सोडणं. आल्ता म्हणजे उंचसुद्धा. फोनने रियाला सांगितलं, ते उंचीबद्दल विचारतायत. रियाबाईंनी मुलीला उठवून उंची मोजायच्या पट्टीखाली उभं केलं. हृदयाचा पेशंट! पाच फूट एक इंच. फाइलमध्ये नोंदसुद्धा केली. बाप बघत राहिला. त्याला वाटलं असेल, इथे उंचीवर सोडतात.

रिया हसत हसत सांगत होती. अडीच हजारांचे केस सरळ करून घेतलेत. दोन ओळींचं स्पॅनिश कोणाला विचारावं हे नाही सुचलं.

बाप साठीचा. इस्त्रीचा शर्ट, हातात रेक्झिनची बॅग, ती खाली ठेवत नाही. पोरगी हडकुळी, केस घट्ट बांधलेले, नखांवर निळं नेलपॉलिश अर्धं उडालेलं. मला बघून म्हणाली, ‘सेन्योरा, तुम्ही टीव्हीतल्या बातम्यांसारखं बोलता.’ स्तुती म्हणून घेतली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज ‘पेना’ घेतला. माझा आवडता. एक, दुःख : मे दा पेना, मला वाईट वाटतं. दोन, शिक्षा : पेना दे मुएर्ते, फाशी. तीन, कष्ट : वाले ला पेना, कष्टाचं चीज होतं. फळ्यावर तीन खाने पाडले. मॅनेजरसाहेबांनी फोटो काढला. उद्या डिलीट करतील.

हेतलने हात वर केला. ‘मॅम, मी एक सिरीयल बघते, तिच्यात ती मुलगी लाजते ना, तेव्हा म्हणते मे दा पेना. म्हणजे असं... ओशाळल्यासारखं.’

मी विचारलं, कुठली सिरीयल. म्हणाली, कोलंबियाची आहे वाटतं.

‘सिरीयल बघून भाषा येत असती तर माझ्या आईला एव्हाना वकिली आली असती. लाजेला स्पॅनिशमध्ये शब्द आहे, बेर्गुएन्था. लिहून घ्या.’

सगळे हसले. हेतलने लिहून घेतलं. कान लाल झालेले. बरं वाटलं मला, खोटं कशाला लिहू. दुकानात गिऱ्हाईकाला पैठणी आणि सेमी-पैठणीतला फरक सांगत असेल ती, मी जाते का मधे बोलायला?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

हॉस्पिटल. डॉ. साळवी म्हणून ज्युनियर आहे, तो हिस्ट्री घ्यायला आला. वय अठ्ठावीस, घाई पन्नाशीची. फॉर्मवरचे प्रश्न एका दमात वाचले : जिने किती चढता येतात, पाय सुजतात का, झोपल्यावर धाप लागते का, पाळी नियमित आहे का, जास्त जातं का, कशाची ॲलर्जी. मीही एका दमात भाषांतर केलं. पाळीला रेग्ला. रेग्ला म्हणजे नियम, फूटपट्टी आणि पाळी. संदर्भाने कळतं.

येसेनिया खाली बघत राहिली. बाप शेजारी, मांडीवर बॅग. मग हळू म्हणाली, ‘मे दा पेना.’

मी साळवीला सांगितलं, ती दुःखी आहे, आजाराचं मनाला लागलंय तिच्या. साळवी म्हणाला, ओके, काउन्सेलर पाठवतो. बाकीच्या चौकोनांत ‘नाही’, ‘नाही’, ‘नाही’ अशा खुणा केल्या. पेनचं टोपणही न लावता गेला.

उद्यापासून रक्त पातळ करायची इंजेक्शनं. आत गुठळी दिसलीय म्हणे. आठवडाभर ती द्यायची, गुठळी विरघळली की ऑपरेशन.

घरी आईला सांगितलं. आई एकोणऐंशी. तीस वर्षं म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात आया होती, बायकांच्या वॉर्डात. टीव्हीवरून नजर न काढता म्हणाली, ‘बावीस वर्षांची पोर एवढ्या लांब आणली, आणि बरोबर एक बाई नाही?’

म्हटलं, आई वारली तिची. 

१० फेब्रुवारी, सोमवार

काउन्सेलर प्रकरण. बाई आली, लिननचा कुर्ता, हातात रंगीत कार्डं. ‘तिला विचारा, तुझं दुःख कुठल्या रंगाचं आहे.’ मी भाषांतर केलं, पैसे त्याचेच मिळतात. येसेनियाने माझ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि अगदी आदबीने विचारलं, कसलं दुःख?

बाईंनी लिहिलं : नाकारण्याची अवस्था.

असल्या लोकांना डिग्र्या कोण देतं.

बाई गेल्यावर पोरगी माझ्याशी बोलत बसली. त्यांच्या गावी बाप शाळेची बस चालवतो. हिला नेल-पार्लर काढायचंय. माझा हात हातात घेऊन नखं तपासली, तोंड वाकडं केलं. मनगटावर बोट ठेवून म्हणाली, मुन्येका. मी म्हटलं, मुन्येका म्हणजे बाहुलीसुद्धा. ती म्हणाली, ‘तुम्हाला सगळे अर्थ माहीत आहेत, सेन्योरा.’

हो म्हणाले मी.

आज चेहरा पांढरा वाटत होता. नर्सला सांगावं असं मनात आलं, पण ते काही माझं काम नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी साडेनऊला रियाचा फोन, लगेच या. टॅक्सीने गेले.

येसेनिया बाथरूममध्ये पडलेली सापडली. आजूबाजूला रक्त. पाळी चालू होती, रविवारपासून. हिला तेराव्या वर्षापासून भयंकर जातं, आठ-आठ दिवस, गावच्या डॉक्टरला ठाऊक होतं. त्यात इंजेक्शनं. इथल्या कागदावर मात्र ‘नाही’. हिमोग्लोबिन कुठल्या कुठे. पिशव्या चढवतायत.

वॉर्डात एक मालवणी सिस्टर आहे, तिच्याच हाती लागली ही. रक्ताचे कपडे गुंडाळता गुंडाळता माझ्याकडे बघून म्हणाली, ‘ह्या चेडवाक कोणी इचारूकच नाय?’

विचारलं होतं. मीच विचारलं होतं.

साळवी बापाला ओरडला, मधे मी. ‘सांगा त्यांना, पेशंटने माहिती लपवली. फाइलमध्ये स्पष्ट आहे, विचारलं होतं, नाही म्हणाली.’ मी शब्दाला शब्द लावून सांगितलं. बाप पोरीच्या पलंगाशी गेला आणि शुद्धीवर येते न येते तोच तिला – त्याचं भाषांतर कोणी मागितलं नाही. ‘खोटारडी’ हा शब्द दोनदा होता. ‘तुझी आई असती तर’ एकदा. तिने भिंतीकडे तोंड केलं.

ऑपरेशन लांबलं. वाचेल म्हणतात. ‘म्हणतात’ हा शब्द मला कुठल्याच भाषेत आवडत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

रात्रभर वही चाळली असं लिहिलं तर फार सुंदर दिसेल. तसं काही झालं नाही. मी गाढ झोपले. सकाळी चहा गाळताना आलं ध्यानात. एकदम, गाळणी हातात.

मे दा पेना. कोलंबियाची सिरीयल. हेतल.

ती दुःखी नव्हती. ती सांगत होती, मला लाज वाटते. बापासमोर, त्या पोरगेल्या डॉक्टरसमोर. तिने उत्तर दिलं होतं. मी ते फेकून दिलं आणि जागेवर आपलं दिलं.

तरी खात्री करायला मोबाइलवर शोधलं. चार देशांची नावं होती त्या अर्थापुढे. तिरप्या अक्षरांत, साध्या ऑनलाइन शब्दकोशात. नऊ वर्षं मी मुलांना सांगते, शब्दकोश उघडा. मी शेवटचा कधी उघडला? माझं सगळं स्पॅनिश टाइल्सवाल्यांकडून आलेलं. त्यांना लाज वाटायचा प्रसंगच नसायचा, फुटकी पेटी पाठवूनही वाटायची नाही.

आईला सांगितलं. शब्द समजावून सांगायला लागले, स्पेनमध्ये असा अर्थ, तिकडे तसा. तिने हात वर करून थांबवलं.

‘बापासमोर विचारलंस तिला?’

‘डॉक्टरने विचारलं. मी फक्त –’

‘पोरीला पाळीचं बापासमोर विचारलंत. तिने खाली बघितलं. आणि तू अर्थ शोधत बसलीस?’

‘आई, तुला नाही कळायचं, तो शब्दच –’

‘मला एक अक्षर येत नाही त्यातलं. आमच्या वॉर्डात गुजराथणी यायच्या, तामिळ बायका यायच्या, मुकी सुद्धा होती एक. पहिलं काय करायचं, तर पुरुषाला बाहेर काढायचं. मग विचारायचं. शिकलीस ना एवढी?’

विहारात निघून गेली. जाताना दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

वॉर्डात गेले. न बोलावता, म्हणजे फुकट. बाप खाली कँटीनला गेल्यावर आत शिरले. ओठ अजून पांढरे.

विचारलं, त्या दिवशी तू ‘मे दा पेना’ म्हणालीस. काय म्हणायचं होतं?

म्हणाली, ‘जे म्हणाले तेच.’

‘लाज वाटते?’

‘आणखी काय? पापा होते ना.’ मग थांबून, ‘मला वाटलं, तुम्हाला कळलंय. मला वाटलं, तुम्ही नंतर एकटीला विचाराल. मी वाट बघत होते.’

तेवढ्यात सिस्टर आली, बी.पी. बघायला. मी पिशवीतली मोसंबी टेबलावर ठेवली. हृदयाच्या पेशंटला चालतात की नाही हेही विचारलं नव्हतं. सिस्टरने उचलून परत माझ्या हातात दिली.

मोसंबी! साळवीला हसते मी.

१७ फेब्रुवारी, सोमवार

साळवीला गाठलं, लिफ्टपाशी. सगळं सांगितलं. ती नाही म्हणाली नव्हती, चूक भाषांतराची, माझी, फाइल दुरुस्त करा.

त्याने आधी इकडेतिकडे पाहिलं. ‘मॅडम, आता पेशंट स्टेबल आहे ना? मग कशाला. फाइल बदलली की दहा लोक विचारणार. आणि खरं सांगू, फॉर्ममध्ये लाज हा ऑप्शनच नाही.’

हा विनोद होता. स्वतःच हसला.

म्हटलं, बाप रोज तिला खोटारडी म्हणतोय.

‘तो फॅमिली मॅटर आहे.’

लिफ्ट आली. गेला. पाठीवर शाईचा डाग, खिशातलं पेन गळत होतं त्याचं.

मग रिया. तिने माझा हात दाबला. ‘मॅम, तुम्ही टेन्शन नका घेऊ. कोणालाच कळलेलं नाही. आपण तुम्हालाच बोलावणार पुढे पण.’ प्रेमाने बोलली हो. मला उंचीच्या पट्टीखाली उभं केल्यासारखं वाटलं.

घरी येऊन स्वतःच लिहून काढलं, एक पान, मराठीत आणि इंग्रजीत. काय विचारलं, ती काय म्हणाली, मी काय सांगितलं. सही केली. उद्या आवक विभागात देणार, शिक्का मारून घेणार. टाइल्सच्या धंद्यात एवढं शिकलेय, शिक्का नसला की कागद जन्मालाच येत नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दिला. शिक्का मिळाला. काउंटरवरच्याने विचारलं, ‘कंप्लेंट कोणाविरुद्ध?’ म्हटलं, माझ्या. त्याने ‘इतर’वर खूण केली.

संध्याकाळी क्लास. फळ्यावर पुन्हा ‘पेना’, चार खाने. चौथ्यात ‘लाज, संकोच’. सांगितलं, हेतल बरोबर होती, मी चूक होते, आणि तिला मी हसले तेही चूक. हॉस्पिटलचंही सांगितलं, नाव न घेता.

कोणी हसलं नाही. दाढीवाल्यापायी आलेल्यातली एक रडायला लागली, तिचा काय संबंध. हेतल मान खाली घालून लिहीत होती. सुटल्यावर थांबली. वाटलं, काहीतरी मोठ्या मनाचं बोलणार, आणि मला ते ऐकावं लागणार. तर म्हणाली, ‘मॅम, त्या मुलीला बरोबर कोण आहे? मी येऊन बसू का दुपारी? दुकान दोन ते चार सासूबाई बघतात.’

हो म्हणाले. पटकन, नाहीतर काहीतरी बोचरं बोलले असते सवयीने.

ना. सरांपर्यंत गेलं. केबिनमध्ये बोलावलं. ‘सुजाताबाई, प्रामाणिकपणा ठीक आहे. पण क्लासचं नाव जोडलं जाईल. विद्यार्थ्यांसमोर चूक कबूल करायची पद्धत आपल्याकडे नाही.’ आपल्याकडे! मग हळू आवाजात, ‘तरी मला वाटायचंच, तुमचा पाया व्यवहारातला आहे, साहित्यातला नाही.’

विचारलं, तुम्हाला माहीत होता हा अर्थ?

खिडकीकडे बघत म्हणाले, ‘माद्रिदला असं कोणी म्हणत नाही.’

२० फेब्रुवारी, गुरुवार

ऑपरेशन सोमवारी ठरलं. इंजेक्शनं बेताने पुन्हा चालू केली होती, गुठळी विरघळली. आज संमतीचा फॉर्म.

आधी साळवीला सांगितलं, दोन आर्तुरोंना पाच मिनिटं बाहेर पाठवा. तो म्हणाला, वेळ नाही. म्हटलं, मलाही नाही, पाठवा. मालवणी सिस्टर पडदा ओढून उभीच राहिली, मग काय बोलणार तो.

आता मी प्रत्येक शब्दाला थांबते. तुमच्याकडे याचा अर्थ काय? आणखी काही अर्थ? साळवी घड्याळ बघतो. बघू दे.

संमतीला मी ‘कोन्सेन्तिर’ म्हटलं, तर येसेनिया हसली. कितीतरी दिवसांनी. त्यांच्याकडे कोन्सेन्तिर म्हणजे लाड करणं, केसांतून हात फिरवणं. ‘म्हणजे डॉक्टर माझे लाड करणार, आणि त्यासाठी सही?’ मी साळवीला सांगितलं. त्याला कळायला वेळ लागला. मग त्याचाही चेहरा जरा माणसासारखा झाला, क्षणभर.

हेतल दोनदा येऊन गेलीय. स्पॅनिश मोजून साठ शब्द, त्यात सगळी क्रियापदं मूळ रूपात. दोघींचं छान चालतं. हेतलने नेलपॉलिश आणून दिलं होतं, सिस्टरने काढून घेतलं, ऑपरेशनला नखं कोरी लागतात. तर आता हेतलची नखं रंगवणं चालू आहे. बाई निळी नखं घेऊन हिंदमाताला पैठण्या दाखवतेय.

२२ फेब्रुवारी, शनिवार

बाप तिच्याशी अजून धड बोलत नाही. पाणी देतो, उशी नीट करतो, बोलत नाही. खोटारडी आता म्हणत नाही, पण ते शब्द गेलेत कुठे, तिथेच बसलेत पलंगावर.

मी येसेनियाला म्हटलं, त्यांना खरं काय ते सांगू या. तू लपवलं नाहीस.

म्हणाली, ‘तुम्ही सांगा. मे दा पेना.’

या वेळी विचारावं लागलं नाही.

पण कसं सांगणार? तुझी पोर बोलली होती, मला कळलं नाही. का कळलं नाही, तर मला सगळं येतं म्हणून. एवढं एक वाक्य. सत्तावीस वेळा मनात रचलं, प्रत्येक वेळी त्यात मी बरी दिसते.

आई विचारते रोज, ‘सांगितलंस?’ तिच्याशीही मी दोन दिवस तुटक बोलतेय. वॉर्डातल्या मुक्या बाईचं नाव काय होतं विचारलं, तर म्हणाली, ‘शेवंता. का?’ का ते मलाही माहीत नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

गेले. दोन आर्तुरो कँटीनमध्ये एकटेच, जपमाळ हातात, इडली समोर गार झालेली. समोर बसले. त्यांनी मान हलवली.

म्हटलं, चहा घेणार?

म्हणाले, नको.

मी उठून आले. एवढी भित्री बाई अख्ख्या परळमध्ये नसेल. आणि लोकांच्या नेलपॉलिशपासून कुर्त्यापर्यंत सगळ्याला नावं ठेवायची असतात हिला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

हॉस्पिटल, चौथा मजला, ऑपरेशन थिएटरबाहेरच्या खुर्च्या. वही इथेच काढली.

आठला आत नेली. स्ट्रेचरवरून हात हलवला, कोरी नखं. बापाने वाकून तिच्या कपाळावर क्रूस काढला.  

दार बंद झालं आणि मला आणखी थांबवेना. आत्ताच का सांगितलं, तर ती आत आहे म्हणून. तिचं काही झालं आणि याच्या मनात ती खोटारडीच राहिली तर. किंवा माझं ओझं उतरवायला. दोन्ही असेल. पहिलं कारण चांगलं दिसतं, म्हणून आधी लिहिलं.

उभ्याने सांगितलं. ‘दोन आर्तुरो, येसेनिया खोटं बोलली नव्हती. डॉक्टरने विचारलं तेव्हा ती म्हणाली, मे दा पेना. तुम्ही ऐकलं होतंत. मी डॉक्टरला सांगितलं, ती दुःखी आहे. मला तो अर्थ माहीत नव्हता. तिने सांगितलं होतं. मी सांगितलं नाही.’

त्यांनी सगळं ऐकलं. मधेच तोंड उघडलं, मिटलं. मला वाटतं, त्यांनाही तेव्हाच आठवलं. ते शेजारीच बसले होते, भाषा त्यांचीच होती, शब्द त्यांना नीट ऐकू आला होता. अर्थही माहीत होता. त्यांनीही विचारलं नव्हतं, कशाची लाज. हे मी बोलले नाही. माझी चूक वाटून घ्यायला नव्हते गेले.

 मग म्हणाले, ‘या.’

एवढंच. या. झालं. कळलं. पुरे. आता. स्पॅनिशमध्ये हे सगळं त्या एका अक्षरात बसतं. मराठी कानाला ते बोलावणं वाटतं. ते तर नव्हतंच बहुतेक.

मी विचारलं, ‘या म्हणजे काय, दोन आर्तुरो?’

माझ्याकडे पाहिलं. मग दाराकडे. 

मी एक खुर्ची सोडून बसले. आमच्या मधल्या खुर्चीवर त्यांची रेक्झिनची बॅग होती. ती उचलून त्यांनी मांडीवर घेतली. मला जागा केली की आपली वस्तू आवरली, कळत नाही. मी सरकले नाही. उठलेही नाही.

साडेबारा वाजलेत. आतून अजून कोणी आलेलं नाही.